मर्लची हनुवटी

ऑस्ट्रेलियातल्या रणरणत्या टाउन्सव्हिलमध्ये, लेझरने केस काढायच्या क्लिनिकात टेगन नंबरची वाट बघत होती. शेजारी डोरीन नावाची म्हातारी बसली होती. तेवढ्यात डोरीनची मैत्रीण मर्ल आतून बाहेर आली.

"इतक्यात झालं?" डोरीनने विचारलं.

"केलंच नाही. लेझरला काळाच केस दिसतो म्हणे, पांढरा नाही. काळा असता तर सहा वेळा यायचं, रबरबँड फटकन बसावा तसं सोसायचं आणि उन्हात फिरायचं नाही."

"टाउन्सव्हिलमध्ये?"

"लेझरआधी करावी लागते म्हणून सकाळी तू खपून माझी दाढी करून दिलीस, ती वाया गेली."

"वीस वर्षांपूर्वी यायचं होतंस."

"तेव्हा हात थरथरत नव्हते, डोरीन, माझे केस मीच उपटायचे. सोमवारी वृद्धाश्रमात जातेय. तिथे कोण उपटणार?"

"मी येईन दर गुरुवारी, चिमटा घेऊन."

"आणि तू आधी गेलीस तर?"

"तर खुशाल दाढी वाढव. मी थोडीच बघायला येणार आहे!"