कागदाचा कुकर किती टिकतो?

नाही, पण मी म्हणतो, टेकडीवरच्या कबरीतून निघून बायान लेपासला जायचं तर वाटेत जेलुटोंग लागत नाही का? लागतं! आमचं घर अगदी रस्त्याला लागून, दाराशी तिनेच लावलेली पांदानची कुंडी, तिला मी रोज पाणी घालतो, म्हणजे ओळखायला अडचण नको... तरी बाईसाहेब दारावरून सरळ पुढे, थेट विमानतळाच्या अंगाला, धाकट्या बहिणीच्या घरी, बहिणीच्या स्वप्नात! माझ्या स्वप्नात नाही आली!

बायको हो माझी. गाईक इम. तुम्ही या कॉफीवाल्याच्या टेबलावर नवीन दिसता म्हणून सांगतो, तिला जाऊन तीन वर्षं झाली. प्या, प्या, कोपी थंड होईल तुमची, माझं काय, मी बोलतच असतो.

तर तुम्हाला सांगतो, काही महिन्यांपूर्वी एकदा सकाळी सकाळी मेहुणीचा फोन. सुआन तिचं नाव. कसे आहात, काय खाल्लंत, असलं काही विचारायची तिला पद्धत नाही, एकदम गाडी सुरू... "भावोजी, ताई आली होती!" म्हटलं, कुठे? "स्वप्नात हो! निळा ब्लाऊज घातला होता, आपण पाठवलेला. आणि म्हणाली, सुआन, कुकर बिघडला गं माझा. दिवा लागतो, पण भात खालून करपतो आणि वरून कच्चाच." म्हटलं, बरं, आणखी काय म्हणाली? "आणखी काही नाही." माझ्याबद्दल काही? "नाही हो भावोजी, घाईत होती." घाईत! अहो, मेलेल्या माणसाला घाई कसली? कुठे गाडी पकडायची होती? नवऱ्याचं नाव घ्यायला असा कितीसा वेळ लागतो?

आता हा कुकर म्हणजे गेल्या वर्षीच्या चेंग बेंगला, कबरी झाडायच्या दिवसांत, आम्हीच पाठवलेला. कागदाचा, टेओशेठच्या दुकानातला. कबरीपाशी जाळला की तिकडे खरा होऊन पोचतो, त्यात वाद नाही, आजोबांना आम्ही कागदाची सायकल पाठवली होती, आजतागायत तक्रारीचा एक शब्द नाही त्यांचा. पोचण्याचा प्रश्नच नाही हो. प्रश्न टिकण्याचा आहे!

आणि टिकण्याबद्दल मला कोणी शिकवू नये. फेरीबोटीच्या इंजिनाशी माझा जन्म गेला, पेनांग ते बटरवर्थ, बटरवर्थ ते पेनांग. कुठला माल टिकेल आणि कुठला दगा देईल, ते मी नुसत्या आवाजावरून सांगतो. आमच्या घरातला भाताचा कुकर बघा. लग्नाच्या वर्षी घेतलेला, जपानी, विजेचा. एकच बटण. दाबलं की खाली, भात झाला की टक्... वर! झाकणाची मूठ गेली तिथे हिने दोऱ्याचं लाकडी रीळ बसवलं, वायर मी बदलली, एक पाय तुटला तिथे पुठ्ठ्याची घडी, आणि अजून चालू आहे. पोरगी त्याच्या भातावर वाढली, लग्न करून सिंगापूरला गेली, कुकर चालू. ही गेली, तरी कुकर चालू. त्या दिवशी सकाळी भात लावून ही बाजारात गेली, मासळीवालीशी भाव करता करता खाली बसली, ती उठलीच नाही. दवाखान्यातलं सगळं आटपून मी घरी आलो तर कुकरचा दिवा तसाच, आणि आतला भात गरम. हिने लावलेला! मी खाल्ला तो. काय करणार, भूक लागली होती. खाताना रडलोही, खोटं कशाला सांगू? पण मला सांगा, हा काय हिशेब झाला? कुकर टिकतो आणि बायको टिकत नाही?

असो. तर गेल्या वर्षी दुकानात मी सांगत होतो, शेठ, साधा एका बटणाचा द्या. तर मेहुणी मध्ये पडली. "भावोजी, जन्मभर ताईने एका बटणावर काढलं! आता तरी चार सुखं मिळू द्या की तिला!" आणि टेओशेठला तेवढंच हवं होतं, त्याने लगेच सोनेरी खेकडा छाप काढला... पुढच्या बाजूला नुसती बटणंच बटणं! "पेज होते, सूप होतं, केक होतो. शिवाय बोलतो." म्हटलं, कागदाचा कुकर बोलतो? "इथे नाही हो, तिकडे गेल्यावर बोलतो." आता तिकडे जाऊन कोण खात्री करणार? घेतला. कबरीपाशी त्यावर नावं लिहायची तर तीही मेहुणीनेच लिहिली, घेणार गाईक इम, पाठवणार सुआन, आणि खाली कोपऱ्यात बारीक अक्षरात मी! पैसे माझे हो. पण तिच्या कबरीसमोर कुठे वाद घालायचा, म्हणून काडी ओढली.

आणि वर्षाच्या आत खेकड्याने राम म्हटला!

तडक गेलो टेओशेठकडे. म्हटलं, शेठ, माल खराब निघाला तुमचा. तो चष्मा कपाळावर चढवून म्हणतो कसा, "गॅरंटीचं कार्ड आहे?" म्हटलं, कार्ड तुम्ही कुकरच्या आत घातलं होतं, ते कुकरबरोबर जळलं! "मग बरोबर आहे. कार्ड वहिनींकडे पोचलं असणार. त्यांनी घेऊन यायला पाहिजे." ऐका! या माणसाला लाज नाही! म्हटलं, ती आली होती तक्रार घेऊन. तर हा एकदम सरळ होऊन बसला. "तुमच्याकडे आली होती?" म्हटलं... मेहुणीकडे. "मग ती ऐकीव गोष्ट झाली. नवऱ्याच्या स्वप्नात आल्या असत्या तर मी विचार केला असता."

तुम्हाला सांगतो, लागलं मला ते. परका माणूस, कागद विकणारा, आणि नेमकं दुखऱ्या जागी बोट ठेवलं. माझ्या स्वप्नात नाही आली! का नाही आली? मला स्वप्नं पडत नाहीत असं थोडंच आहे? पडतात! पण कसली? फेरीबोटीचा पंप तुंबलाय आणि साहेब वरून ओरडतोय. नाहीतर मी पायजमा न घालता बँकेत उभा आहे. असल्या फालतू स्वप्नांना जागा आहे, आणि हिला नाही? मेहुणी म्हणते, "भावोजी, तुम्ही घोरता केवढ्याने! ताई दारातूनच परत जात असेल." म्हणून मी कुशीवर झोपायला लागलो. पलंगावरची तिची बाजू तशीच मोकळी ठेवतो, उशी झटकून ठेवतो. दुपारीही झोपून पाहिलं, म्हटलं रात्री हिला वेळ नसेल... काय झालं? पंप तुंबला!

तर दुकानात उभा होतो. टेओशेठ नवे कुकर दाखवत होता. "हा घ्या, दोन बगळे छाप. जाड कागद, आत बांबूच्या कामट्या, एकच बटण. हा मात्र पिढ्यान् पिढ्या बिघडणार नाही." मी उचलून पाहिला. बोटाने वाजवून पाहिला. माल चांगला होता हो! इंजिनवाल्याचा कान आहे माझा, कागदही फसवू शकत नाही. घेणार, एवढ्यात डोक्यात आलं... अरे, ती आली कशाला होती? कुकर बिघडला म्हणून. तो धड असता तर आली असती? नसती! तीन वर्षांत ना माझ्या गुडघ्याची चौकशी करायला आली, ना पोरीला दुसरं मूल झालं ते विचारायला. आली ती फक्त कुकरसाठी. मग हा बगळा जर पिढ्यान् पिढ्या चालला, तर पुढे ती येईल कशाला?

म्हटलं, शेठ, तुमच्याकडे सगळ्यात लवकर बिघडणारा कुठला आहे?

टेओशेठ बघतच राहिला. "लवकर बिघडणारा? इतकी वर्षं दुकान चालवतोय, असं कोणी मागितलं नव्हतं बुवा." मग फळीच्या मागून एक काढला. बिननावाचा. खळ सुटलेली, झाकण हातातच आलं, बटण म्हणजे नुसता लाल ठिपका. म्हणाला, "हा पोचेपर्यंत टिकला तरी पुष्कळ." मी दोन्ही घेतले. का, ते विचारू नका. आणि या खेपेला नाव मी घरीच लिहून ठेवलं, दोन्हींवर, ठसठशीत. पाठवणार, तुझा नवरा. तक्रार असल्यास जेलुटोंगच्या घरी येणे, पांदानच्या कुंडीशी. हसू नका. तुमची बायको घरी आहे ना? मग हसू नका.

चेंग बेंगला गेलो टेकडीवर. मेहुणी गवत काढत होती आणि गवताशीच बोलत होती. मी भात वाढला, तिची आवडती तळलेली मासळी ठेवली, कोपी ठेवली, आणि मेहुणीची पाठ वळलेली बघून दोन नाणी काढली. विचारायची रीतच आहे ना, एक छापा एक काटा पडला तर हो, दोन्ही काटे तर नाही. बिननावाचा कुकर हातात धरला आणि हळूच म्हटलं, गाईक इम, हा जाळू का? थोडा त्रास होईल तुला. पण मग तू तक्रार घेऊन ये. सुआनकडे नको, माझ्याकडे ये. मला तुझी फार आठवण येते गं.

टाकली नाणी. दोन्ही छापे!

म्हणजे काय, माहीत आहे ना? म्हणजे हसली! हो नाही, नाही नाही, नुसती हसली! पुन्हा टाकली, पुन्हा हसली! अहो, जिवंतपणी हेच करायची. काही महत्त्वाचं विचारायला जावं की ही बाहीने तोंड पुसून हसणार, आणि आपण उत्तर समजून घ्यायचं.

आणि ते हसणं डोळ्यांपुढे आलं ना, तर त्याबरोबर दातही आले. खालचे चार नव्हते तिला. कवळी करू म्हटलं तर "आता कोणाला दाखवायचेत" म्हणाली होती. भात मऊच लागायचा तिला, कडक शिजला की अर्धा वाटीत तसाच ठेवायची, आणि मला म्हणायची भूक नाही. मी तिथे उकिडवा बसलो, हातात तो झाकण निघालेला कुकर, आणि पुढे नुसतं एवढंच दिसायला लागलं, ही तिकडे एकटी बसलीय, पुढे वाटी, वाटीत कच्चा भात, आणि सांगतेय, मला भूक नाही.

नाही हो. नाही जमलं मला.

बगळे जाळले. आधी बटण गेलं, मग दोन्ही बगळे काळे पडले, मग बांबूच्या कामट्या तडतडल्या, चांगल्या जळल्या, एकही अर्धवट राहिली नाही. मेहुणी म्हणाली, "भावोजी, धुराने डोळ्यांत पाणी आलं का?" म्हटलं, हो, धुरानेच. आणि तो दुसरा, बिननावाचा, टेओशेठने परत घेतला नाही. "कागदी माल परत होत नाही," म्हणे! तो विषयच वेगळा, त्यावर मी उद्या बोलेन.

तर आता ऐका. चेंग बेंग होऊन गेला, मेलेली माणसं घरी येतात तो सातवा महिनाही गेला, सणाचे चंद्राचे केक खाऊन झाले. मी कुशीवर झोपतो. पत्ता लिहिलाय, कुंडी जागेवर आहे. माझ्या स्वप्नात नाही आली. परवा मेहुणीला फोन केला, तिच्याच पद्धतीने, कशी आहेस वगैरे न विचारता. म्हटलं, सुआन, ताई आली होती का? "नाही हो भावोजी, आता माझ्याकडेही येत नाही." आणि वर मला आनंदाची बातमी द्यावी तसं म्हणते, "बरंच झालं की! म्हणजे कुकर छान चाललाय!"

छान चाललाय! असणारच. माल मी निवडला होता.

काल उदबत्त्या आणायला टेओशेठकडे गेलो, तर दुकानात एक गृहस्थ उभे. माझ्याच वयाचे, दंडाला काळी पट्टी, कालपरवाच बायको गेलेली. हातात दोन बगळे छाप कुकर, उलटसुलट करून बघतायत, बोटाने वाजवतायत. टेओशेठने मला बघितलं आणि त्याला आभाळ ठेंगणं झालं. "हे बघा, यांनाच विचारा! यांच्या बायकोला हाच पाठवलाय. सांगा हो, आली का एक तरी तक्रार?"

त्या गृहस्थांनी माझ्याकडे बघितलं. म्हणाले, "खरंच टिकतो का हो?"

म्हटलं, टिकतो. फार टिकतो. एकदाही आली नाही.

मग टेओशेठ उदबत्त्या बांधायला आत वळला, तेवढ्यात त्यांचा हात धरला आणि हळूच सांगितलं... माझं ऐका, माझ्या घरी एक बिननावाचा पडून आहे, वरचा माझा पत्ता तेवढा खोडा आणि तो घेऊन जा.