दहा पावलं पुढची खुर्ची

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या क्लबातल्या निम्म्या डोळ्यांची काळजी वाहणारे डॉक्टरसाहेब, व्यासपीठावर विराजमान असलेल्या प्रमुख पाहुण्या माननीय प्राचार्या, 'पाच मिनिटं हं बाई, फक्त पाच' असं मला तीनदा बजावून गेलेले आपले चिटणीस, ज्यांच्यासाठी आपण सारे इथे जमलो आहोत ते सत्कारमूर्ती मैदानकाका, पहिल्या रांगेत संकोचून बसलेल्या काकू, मैदानावर राबणारी सगळी मंडळी आणि उपस्थित बंधुभगिनींनो,

मी पस्तीस वर्षं गणित शिकवलं. पाच मिनिटांत कुठलीही सिद्धता पूर्ण होत नाही, हे चिटणीसांना शाळेत असताना चांगलं ठाऊक होतं. ते माझेच विद्यार्थी. तेव्हा त्यांनी घड्याळाकडे बघणं सोडावं आणि समोरचं पाणी प्यावं.

माझ्या आधीच्या वक्त्यांनी काकांची एकतीस वर्षांची सेवा सांगितली, गवताच्या जाती सांगितल्या, पाण्याचा निचरा सांगितला. सगळं खरं आहे. मी त्यात भर घालू शकत नाही, कारण मला गवतातलं काही कळत नाही. मी एका खुर्चीबद्दल बोलणार आहे.

मुळात या मंचावर उभं राहायचा मला अधिकार काय? चाळीस वर्षं मी या गोल्फला सवत म्हणत आले. सुट्टीची सकाळ झाली की आमचे हे काठ्यांची पिशवी खांद्यावर टाकून चालते व्हायचे. हो, काठ्याच. हसा. 'क्लब म्हण' असं त्यांनीही मला चाळीस वर्षं सांगितलं. एवढासा चेंडू एवढ्याशा भोकात घालायला अख्खी सकाळ लागते, आणि वर घरी येऊन 'दमलो' म्हणून सांगायचं! मला या खेळाचा मनापासून राग होता.

महासाथ यायच्या चार महिने आधी यांना पक्षाघाताचा झटका आला. आपल्यापैकी जे नवे सभासद आहेत त्यांच्यासाठी सांगते, यांचं आयुष्य जमीन मोजणीच्या खात्यात गेलं. डोंगर असो, दलदल असो, पायी फिरून हद्दी ठरवणारा माणूस. त्या माणसाचा उजवा पाय फरफटायला लागला आणि तोंडातून एका वेळी एकच शब्द निघायला लागला. व्यायाम करून घेणारी मुलगी रोज घरी यायची, तिच्या हाताला यशही येत होतं. तेवढ्यात सगळं बंद झालं. दार बंद, दवाखाना बंद, तिचं येणंही बंद. मेंदूचे डॉक्टर फोनवर म्हणाले, "बाई, यांना रोज चालवा. हे सहा महिने हातचे गेले तर पाय परत येणार नाही." आमच्या घरात निजायच्या खोलीपासून स्वयंपाकघरापर्यंत अकरा पावलं होतात. चालवू कुठे?

गल्लीत नेलं. दुसऱ्याच दिवशी समोरच्या गॅलरीतल्या एका भल्या माणसाने यांना चालताना पाहून टाळ्या वाजवल्या. त्याचं मन चांगलं होतं. पण त्याचं पाहून दोन्ही बाजूंच्या गॅलऱ्यांनी टाळ्या धरल्या. हे तिथेच थांबले, मागे वळले, आणि त्यानंतर सात आठवडे त्यांनी उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलं नाही. मी विनवण्या केल्या, रागावले, एकदा चक्क रडले. शेवटी हात टेकले.

मग क्लबाचं पत्र आलं. मैदान उघडणार, पण अटी अशा: प्रत्येकाने आपल्या घरापासून पाच किलोमीटरच्या परिघातच फिरावं, बरोबर फक्त एकाच घरातलं माणूस असावं, पिशवी उचलायला कुणी मिळणार नाही, बाक काढून टाकले आहेत. मी पत्र वाचून दाखवलं. हे म्हणाले, "मैदान."

मी म्हटलं, "अहो पण जाणार कुणाबरोबर? तुमची चौकडी तर चार घरांची आहे."

यांनी माझ्याकडे पाहिलं. नुसतं पाहत राहिले. अशा रीतीने वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी मी सवतीच्या घरी राहायला गेले.

फाटकावर काका उभे. माझ्यापेक्षा तीन वर्षांनी लहान, पण सगळं जग त्यांना काका म्हणतं म्हणून मीही म्हणते. त्यांनी रजिस्टर पाहिलं आणि सांगितलं, "बाई, तुमचं घर साडेसहा किलोमीटर आहे. येता यायचं नाही."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. घरी गेले, नकाशा आणि कंपास घेऊन आले आणि फाटकाबाहेरच्या कट्ट्यावर तो पसरला. म्हटलं, "साडेसहा तुम्ही रस्त्याने मोजलंत. नियमात 'पाच किलोमीटरच्या परिघात' असं लिहिलंय. परीघ आला म्हणजे वर्तुळ आलं. त्रिज्या सरळ रेषेत मोजतात. हे बघा." आणि काढलं वर्तुळ. क्लबाचं फाटक आत आलं! काकांनी लांबूनच वाकून नीट पाहिलं, मान डोलावली, म्हणाले, "बरोबर आहे. या आत." मी विजयी मुद्रेने कंपास मिटते आहे तोच पुढे म्हणाले, "पण मग तुमचं वर्तुळ अठरापैकी बाराव्या होलच्या पट्ट्यामधूनच जातंय, बाई. तिथून पंधराव्यापर्यंत तुम्हाला बंदी."

दुसऱ्या दिवशी बाराव्या होलवर दोन खुंट आणि त्यांना बांधलेली निळी दोरी होती. अख्ख्या क्लबात फक्त आमच्या घरासाठी. माझ्याच कंपासने माझं तोंड बंद केलं होतं. आम्हाला त्या दोरीपर्यंत पोचायला अजून कैक महिने होते, ही गोष्ट वेगळी. पहिल्या दिवशी हे शंभर पावलं चालले आणि घामाघूम होऊन बसायला जागा शोधू लागले. बाक नव्हता. मी काकांना म्हटलं, एक बाक तरी ठेवा. ते म्हणाले, "नियम आहे, बाई. ठेवता येत नाही."

दगडाच्या काळजाचा माणूस, असं मी त्या दिवशी फोनवर किती जणांना सांगितलं याची गणती नाही.

दुसऱ्या सकाळी पहिल्या होलच्या कडेला, त्या एकसारख्या झाडांच्या रांगेत, शंभर पावलांवर लोखंडाची एक खुर्ची होती. पाठीवर खडूने आमच्या घराचा नंबर. काका पाचोळा ओढायच्या दाताळ्याच्या दांड्यावर हनुवटी टेकून लांब उभे. म्हणाले, "एका घराची खुर्ची आहे. दुसरं कुणी बसणार नाही. मग नियम कुठे मोडला?"

तेव्हापासून रोज सकाळी साडेसात. खुर्ची पुसलेली असायची आणि काका साथीच्या नियमाप्रमाणे लांब, दोन दाताळ्यांएवढ्या अंतरावर. तिथून ते मला खेळ शिकवायचे, म्हणजे ओरडायचे. "बाई, चेंडू जमिनीवर आहे, आकाशात काय बघताय?" "बाई, ती काठी आहे, फळ्यावरची पट्टी नव्हे!" माझा चेंडू एकदाही सरळ गेला नाही. मी सारा वेळ झुडपांत वाकलेली. हे आपले एक पाय टाकत, एक ओढत, खुर्चीच्या दिशेने.

आता माझी चूक सांगते. चूक म्हणजे काय, पस्तीस वर्षं गणित शिकवलेल्या बाईने करू नये अशी चूक. मी रोज घड्याळ लावून यांना खुर्चीपर्यंत पोचायला किती वेळ लागतो ते वहीत लिहीत होते. पहिल्या दिवशी अकरा मिनिटं. मग बारा. आठव्या दिवशी चौदा. पंधराव्या दिवशी सतरा. मी आलेख काढला, रेघ चढतच चालली होती. एखादा दिवस चुकेल, सगळेच दिवस कसे चुकतील? पाय सुधारत नव्हता, उलट रोज थोडा थोडा जात होता. ती वही मी यांच्यापासून लपवून डाळीच्या डब्यामागे ठेवली. मला फार भीती वाटत होती. त्यांना ओढत मैदानावर नेऊन मीच त्यांची ताकद संपवते आहे, असं मला वाटायला लागलं.

सोळाव्या दिवशी मी काकांना गाठलं. म्हटलं, "उद्यापासून आम्ही येणार नाही. हे रोज हळू होत चाललेत. पंधरा दिवसांत खुर्चीपर्यंत पोचायला सहा मिनिटं जास्त लागायला लागली."

काका दाताळं टेकवून उभे राहिले. मग म्हणाले, "वेळ मोजलीत ना, बाई. अंतर मोजलंत का?"

"कसलं अंतर?"

"खुर्ची मी रोज दहा पावलं पुढे सरकवतो."

मी मागे वळून पाहिलं. झाडं सगळी एकसारखी. पहिल्या दिवशीचं झाड कुठलं? मला सांगता येईना. शंभर पावलांची अडीचशे पावलं झाली होती. ती अकरा मिनिटांच्या हिशेबाने सत्तावीस मिनिटांत व्हायला हवी होती, आणि हे सतरा मिनिटांत पोचत होते!

मला आनंद व्हायला हवा होता की नाही? मी भडकले. म्हणाले, "ही फसवणूक आहे! मला सांगायचं नाही का? आजारी माणसाशी असा खेळ करतात?"

आणि तेवढ्यात मागून हसण्याचा आवाज आला. खुर्चीवर बसून आमचे हे खांदे हलवून हसत होते. झटका आल्यापासून पहिल्यांदा. मी म्हटलं, "तुम्हाला ठाऊक होतं?"

म्हणाले, "रोज. दहा." एकदम दोन शब्द.

जन्मभर जमीन मोजलेला माणूस तो, त्याला काय कळणार नव्हतं? पहिल्याच दिवशी कळलं होतं. दोघांनी एकमेकांशी एक अक्षर न बोलता हे ठरवलं होतं. अंधारात होती ती फक्त गणिताची बाई.

मग मी यांना उठवलं आणि त्या खुर्चीवर बसून घेतलं. एकाच घरातली असल्यामुळे नियम मोडला नाही.

त्यानंतर खुर्ची उजळ माथ्याने पुढे सरकू लागली. आधी दहा पावलं, मग वीस, मग अर्धा होल. थंडी सरता सरता आम्ही निळ्या दोरीपाशी पोचलो. हे दोरीजवळ उभे राहायचे, पलीकडचं गवत बघायचे आणि म्हणायचे, "उद्या." माझा चेंडू मात्र बेलाशक दोरीखालून पलीकडे जायचा आणि काका दाताळ्याने तो परत ढकलायचे. एका सकाळी आसपास चिटपाखरू नव्हतं. मी म्हटलं, "चला हो, दोन पावलांनी काय होतंय? कोण बघतंय?" यांनी मान हलवली. "हद्द." चौकडीतल्या एकांनी फोनवर सुचवलं, मधले चार सोडा आणि थेट सोळाव्यावर जा. हे म्हणाले, "सलग." अठराच्या अठरा, एका दमात, एकही न गाळता. त्यांच्या मनात पहिल्या दिवसापासून तेच होतं. मी फक्त शंभर पावलांची काळजी करत होते.

अंतराची अट उठल्याची बातमी आम्हाला सकाळी सातला रेडिओवर कळली. साडेसातला फाटकापाशी गेलो तर काकांच्या हातात निळी दोरी, व्यवस्थित गुंडाळलेली. त्या दिवशी हे अठरा होल चालले. पाच तास चाळीस मिनिटं. चारदा बसले. शेवटच्या भोकाभोवतीच्या ग्रीनमागे काकांनी खुर्ची आणून ठेवली होती, तिच्याकडे यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. टाळी कुणी वाजवली नाही. काकांनी सगळ्या माळ्यांना आधीच ताकीद दिली होती. कारण गल्लीतली ती टाळ्यांची गोष्ट मी एकदाच, सहज, दोन दाताळ्यांच्या अंतरावरून बोलून गेले होते.

काका, तुमची एकतीस वर्षं मी पाहिली नाहीत. मी पाहिल्या त्या पंधरा महिन्यांतल्या सकाळी. नियम न मोडता माणसाला किती पुढे नेता येतं, ते मी तिथे शिकले. त्या दिवसांत मी तुम्हाला फसवे म्हणाले, दगडाच्या काळजाचे म्हणाले. ते शब्द आज या भरल्या सभागृहात परत घेते. काकू, तुमचीही क्षमा मागते. या माणसाची सकाळ आम्ही घेतली आणि तुम्ही कधी कुरकुर केली नाहीत.

अध्यक्षमहाराज, आयोजक आणि श्रोतेहो, तुम्ही माझं लांबलेलं बोलणं गोड मानून घेतलंत, याबद्दल मी ऋणी आहे. कुणाचा उल्लेख राहिला असेल, कुणाला शब्द लागला असेल, तर म्हातारीचा फळ्यावरचा खडू घसरला असं समजा. चिटणीस, तुम्हीसुद्धा.

आता फक्त सत्कार उरला आहे. उद्या सकाळी साडेसातची वेळ पहिल्या टीवर, जिथून पहिला चेंडू मारतात तिथे, तिघांच्या नावाने राखून ठेवली आहे: हे, मी आणि काका. एकतीस वर्षं काकांनी मैदान राखलं, त्यावर खेळले कधीच नाहीत. उद्या खेळायचं, काका, आणि दोन दाताळी लांब नाही, शेजारून चालायचं. त्या वेळेची चिठ्ठी आमच्या यांच्या खिशात आहे, ती तेच तुमच्या हातात देतील.

गेल्या हिवाळ्यात यांचा पाय पुन्हा जड झाला. आयोजकांनी त्यांच्यासाठी पहिल्या रांगेत जागा ठेवली होती. ती त्यांनी नाकारली. ती बघा, सभागृहाच्या अगदी शेवटी, दाराला लागून, ती लोखंडी खुर्ची. तिथे ठेवायला त्यांनी स्वतः सांगितलं. दारापासून या पायऱ्यांपर्यंत बावन्न पावलं आहेत. या खेपेला मी अंतर मोजलं आहे. घड्याळ घरी ठेवून आले आहे.

ते उठले आहेत. कृपा करून कुणी हात द्यायला जाऊ नका. आणि टाळ्या, ते इथे पोचल्यावर.