निर्धास्त राहा म्हणणारी उल्का

टीव्हीवर हवामान सांगणाऱ्या बाईचा अंदाज चुकला, तर तिला पाप लागतं का?

हसा, मंडळी, हसा! माझ्या मैत्रिणींनी पैज लावली होती – 'हिंमत असेल तर कीर्तनात, नारदाच्या गादीवरून हे विचारून दाखव!' त्या बघा, खांबाआड खिदळतायत. विचारलं की नाही? पण विचारल्यावर मलाच चैन पडेना. खरंच, लागत असेल का हो? पेटीवाले काका, तुम्ही सांगा! ...काका नुसता सूर धरून बसले. मग आख्यानालाच विचारू. ऐका!

एक होती उल्का टिपणीस. रोज संध्याकाळी सहा वीसला पडद्यावर! मागे केवढा मोठा नकाशा, ढग फिरतायत, उल्का ऐटीत हात दाखवतेय – 'इथे रत्नागिरी, इथे अलिबाग!' आणि खरं सांगू? तिच्यामागे काहीच नसतं! नुसती हिरवी भिंत. नकाशा तुम्हाला दिसतो, तिला नाही. बाजूच्या छोट्या टीव्हीत चोरून बघायचं आणि कोऱ्या भिंतीवर बोट ठेवायचं! आपण नाही का, पाठ नसलेल्या श्लोकाला नुसते ओठ हलवतो? तसंच! – आजोबा, तुम्हाला नाही म्हटलं.

तर डिसेंबरातली गोष्ट. हवामान खात्याचा कागद आला – 'कोकणात मुख्यतः कोरडे. किनाऱ्यावर एक-दोन ठिकाणी हलक्या सरींची शक्यता.' उल्का वाचणार, तेवढ्यात निर्माते सामंत धावत आले.

"उल्का, बारा सेकंद काप! मॅच लांबलीय."

"सर, मग सरींचं वाक्य जाईल."

"जाऊ दे की! सारखं काय 'शक्यता, शक्यता'? लग्नाला येणार का विचारलं तर शक्यता आहे म्हणतेस? लोकांना ठाम बोलणारं माणूस आवडतं!"

उल्काने वाक्य कापलं. वर स्वतःच्या पदरचे दोन शब्द घातले – "उद्या कोकण कोरडं. निर्धास्त राहा!" काय गोड हसली! स्वतःवरच खूश!

इकडे किनाऱ्यावर यमुनाबाय कोळीण. अंगणात बांबूच्या वलांड्या, त्यांवर बोंबील जोडीजोडीने वाळत टांगलेले. – देवळात बोंबील काढले म्हणून नाकं मुरडू नका! पोट कुणाला चुकलंय? – यमुनाबायने उल्काचं ऐकलं आणि ताडपत्री माळ्यावर ठेवली. पहाटे अर्धा तास सर आली. अर्धाच तास! तीन दिवसांचं वाळवण चिकट झालं, वास सुटला. सगळं खतात गेलं.

दुपारी वाहिनीत फोन वाजला. उल्काने उचलला. आता शिव्या येणार! पण यमुनाबाय ओरडलीच नाही.

"बाय, पाऊस काय तुज्या हातात नाय, ता माला ठाव हाय. माला येवढंच सांग – तुला ठाव नव्हतं, का ठाव असून सांगला नाय?"

मंडळी, काय उत्तर देणार? कागद अजून तिच्या खणात होता! ती एवढंच म्हणाली, "मावशी, आज संध्याकाळी टीव्ही लावा."

सामंत भडकले. "माफी? वाहिनी माफी मागत नसते! पहाटेचा पाऊस संध्याकाळी कुणाच्या लक्षात असतो? बोललीस, तर उद्या त्या भिंतीपुढे दुसरी उभी असेल!"

सहा वीस. कॅमेऱ्यावरचा दिवा लागला. उल्का हिरव्या भिंतीपुढे उभी. हसून पुढे जावं? आवडतं काम आहे, डोळ्यांदेखत जाणार! पण त्या काचेपलीकडे यमुनाबाय बसलेली...

"नमस्कार. काल सरींची शक्यता कागदावर लिहिलेली होती. मी ती वाचली नाही. निर्धास्त राहा हे माझे शब्द होते. चूक माझी. आणि उद्यासुद्धा शक्यता आहे – दहात तीन."

पुढे? सामंतांनी शब्द पाळला! दुसऱ्या दिवशी दुसरीच बाई उभी. उल्का घरी. पण आठवडाभर वाहिनीचे फोन थांबेनात – 'ती शक्यता सांगणारी पोर कुठाय?' आठव्या दिवशी सामंतांनीच गाडी पाठवली! आणि यमुनाबाय? तिने "दहात तीन" ऐकून अर्धेच बोंबील टांगले, ताडपत्री खाली काढून ठेवली. तिला ठाम बोलणारं माणूस नकोच होतं हो! तिचं ती ठरवणार होती. फक्त कागदावरचं सगळं सांगा!

तर मैत्रिणींनो, पैजेचं उत्तर घ्या. अंदाज चुकला, माफ! पोटातली शंका गिळून 'निर्धास्त राहा' म्हटलं – ते लागतं! आणि मंडळी, आपण घराघरांत काय करतो? डॉक्टर म्हणाले 'बघू', आपण आजीला सांगतो 'बरी होणार'. सोयरिकीत मुलाचा राग लपवतो, म्हणतो 'शांत आहे'. किती वाक्यं कापतो रोज!

मीही कापलंय. पुढच्या रांगेत माझे आई-बाबा बसलेत. वर्षभर बाबा सगळ्या आळीला सांगतायत, "आमची मुलगी डॉक्टर होणार, नक्की!" आणि मी शेजारी उभी राहून गोड हसत होते. उल्कासारखी!

आई, बाबा, कागदावरचं सगळं वाचते. मला रक्त बघवत नाही. मला ढग बघायचेत. अकरावीला मी जीवशास्त्र घेणार नाही, मी हवामान शिकणार. तिथे अंदाज चुकतील, पुष्कळदा चुकतील! पण बाबा, शिकणार हे ठरलंय. यात शक्यता नाही.