लाल की पिवळी

आईची शपथ, यातला शब्द न् शब्द खरा हाय. मागच्या वेळी सांगताना गाड्या तीन होत्या, ते सोडा, दोनच होत्या.

आबांना घेऊन संभाजीनगरच्या शोरूममध्ये गेलतो. एक स्पोर्ट्स कार लाल, एक पिवळी. घ्यायची ऐपत एकीचीही नव्हती, पण घ्यायची झालीच तर कोणती, हे मला ठरवायचंच होतं.

सेल्समन म्हणाला, "सर, लाल फक्त ट्रॅकवर पळवायला. पिवळी ट्रॅकवरही पळते, रोजच्यालाही चालते."

मी म्हणलं, "आपल्याला दोन्ही पाहिजे. रोज तलवाड्याला दूध घालायचं अन् रविवारी शर्यत."

आबांनी लाल गाडीच्या पाठीवरून हात फिरवला, बाजारात बैलाच्या फिरवतात तसा. "ही शंकरपटाची हाय. शर्यतीचा बैल नांगराला जुंपला की दोन्ही कामातनं जातो."

"मग पिवळी?"

"ती दोन्ही करीन म्हणती. असा बैल मी तरी पाह्यला न्हाई."

अन् आबा लाल गाडीत बसले ते उतरेनातच. दोन्ही हात स्टेअरिंगवर, नजर समोरच्या रस्त्यावर. सेल्समन हात जोडून म्हणतोय, "काका, उतरा आता, शटर ओढायचंय." अन् हे म्हणतायत, "एकदा चालू तर कर. नुसता आवाज ऐकू दे."

त्यानं काही चालू केली न्हाई.

आता खोटं काय ते सांगतो. आबा त्या दिवशी घरीच होते. बैलाचं बोलले, ते मी परत आल्यावर, गोठ्यात. गाडीतून न उतरणारा तो काका मीच होतो.