मिस वेल्माचं अंगण

"इथून आडवं चला, बस समोरच उभी आहे," वाटाड्या रूफस म्हणाला. हायवेसाठी पाडलेली काळ्या लोकांची जुनी वस्ती दाखवता दाखवता त्याच्याही पायांचे तुकडे पडले होते. सहलीला आलेले सगळे पार्किंगच्या डांबरावरून निघाले. वस्तीतच वाढलेल्या दोघी म्हाताऱ्या बहिणी तेवढ्या कडेला थबकल्या. हात द्यायला तो मागं वळला.

"ताई, गुडघे बोंबलतायत माझे. चल की आडवी," धाकटी म्हणाली.

"मिस वेल्माच्या अंगणातून?"

"कुठलं अंगण? गाड्या लागल्यात तिथं."

"झाडलेल्या मातीत तुझी पावलं उमटली, म्हणून तोच झाडू पाठीत घातला होता तिनं. विसरलीस?"

"अगं, ती कधीच गेली. घर तर तिच्याही आधी गेलं."

"मग तू जा. मी वळसा घालून येते."

"एवढ्या उन्हात?"

"जा म्हणते ना!"

धाकटीनं डांबरावर एक पाऊल टाकलं आणि लगेच मागं घेतलं.

"का गं? आता काय झालं?"

"काही नाही. चल, वळसाच घालू."

"अगं, पण का?"

"तिनं आईला सांगितलं तर?"