सोबतीचा बिल्ला

आई: उपक्रम वाईट आहे असं मी म्हणतच नाहीये, मॅडम. मी म्हणतेय तो बंद करा. आज. आत्ता.

मुख्याध्यापिका: ताई, तुम्ही आधी बसा बरं. दुकान उघडायचं सोडून धावत आलात. दम खा जरा. पाणी देऊ?

आई: पाणी नको मला. माझी मुलगी काल घरी येऊन म्हणते, मी आता शाळेत जाणार नाही. सातवीतली मुलगी, मॅडम. अंगात ताप असला तरी दप्तर पाठीला लावून दारात उभी राहणारी. आज कशीबशी हाताला धरून आणलीय. आणि तुम्ही पाणी विचारताय!

मुख्याध्यापिका: पण हे सगळं तिच्यासाठीच तर सुरू केलं आम्ही! बोलताना अडखळते म्हणून मुलं चिडवायची, मधल्या सुट्टीत ती एकटीच डबा खायची. आता रोज कोणीतरी तिचा सोबती असतो. बिल्ला लावून तिच्या शेजारी बसतो, तिच्याशी गप्पा मारतो. ती एकटी म्हणून राहत नाही. अहो, उद्या दुसऱ्या शाळांचे लोक खास हे बघायला येताहेत.

आई: येऊ देत की. बिल्ला चांगला पिवळाजर्द आहे, लांबून दिसेल त्यांना. आमच्या पोरीला रोज दिसतो. आज ही कोणाच्या गळ्यात पडलीय, ते सगळ्या मैदानाला कळतं.

मुख्याध्यापिका: गळ्यात पडलीय काय? असं का म्हणता?

आई: मग कसं म्हणू? तो बिल्ला कोणाला मिळतो, ठाऊक आहे तुम्हाला?

मुख्याध्यापिका: मुलं आपणहून पुढे येतात. तिचे वर्गशिक्षक बघतात ते. सर, तुम्हीच सांगा ना यांना.

सर: हो हो, एकदम आनंदाने येतात. भांडतात ओ बिल्ल्यासाठी!

आई: भांडतात, अगदी खरं. “मला नको, तू घे” म्हणून भांडतात. सर, सकाळी शाळा भरायच्या आधी मैदानात पकडापकडी होते. जो हरतो त्याच्या शर्टाला बिल्ला. परवा एक मुलगा हरला म्हणून रडायला लागला. हिच्या समोर. आणि आमची बावळट त्याला आपल्या डब्यातलं देऊन म्हणते, रडू नको रे, सुट्टी लवकर संपते.

मुख्याध्यापिका: सर?

सर: नाही, म्हणजे, खेळतात ती मुलं सकाळी. मला वाटलं, खेळताहेत. बिल्ल्याचं सगळं आमचा सोबतीप्रमुख बघतो.

आई: हां, त्याच्याकडेच येत होते मी. हिची नक्कल करण्यात जो सगळ्यांच्या पुढे, तोच कारटा तुम्हाला प्रमुख करायला सापडला?

सर: मुद्दाम केला, ताई! जबाबदारी टाकली की मूल सुधारतं. आणि पोरगा हुशार आहे हो. बोलायला उभा राहिला की बघत राहावं. उद्या पाहुण्यांसमोरचं भाषणसुद्धा तोच करणार आहे.

आई: भाषण? कशावर?

सर: ते आपलं... आपुलकीवर.

आई: कमाल झाली बाई! हसू की रडू, तेवढं सांगा मला.

मुख्याध्यापिका: हे माझ्या कानावर का नाही आलं, सर? मी तर जिन्याच्या भिंतीवर सोबतीचं एवढं मोठं चित्र रंगवून घेतलं.

आई: चित्र छान आहे. मी रोज दुकानात लोकांच्या डोळ्यांवर चष्मे चढवते, मॅडम. भिंतीवरचं वाचता येतं सगळ्यांना. समोर बसलेलं पोर दिसत नाही कोणाला.

मुख्याध्यापिका: तुमचा राग मी समजू शकते. आपण असं करू, पालक, शिक्षक, विद्यार्थी मिळून एक चर्चासत्र...

आई: नको हो! तिच्या नावाने आता आणखी काही काढू नका. हात जोडते.

सर: मॅडम, मला विचाराल तर उगाच राईचा पर्वत होतोय. मुलं आहेत ती. थोडी थट्टामस्करी चालायचीच. मी स्वतः वर्गात वातावरण हलकंफुलकं ठेवतो, म्हणून तर मुलांना माझा तास आवडतो. आणि ताई, तुमची मुलगी तर माझी एकदम लाडकी. गणित चोख, अक्षर मोत्यासारखं. आमची एक्सप्रेस!

आई: काय म्हणालात?

सर: अं? कुठे काय?

आई: एक्सप्रेस. हे नाव तुम्ही ठेवलंत?

सर: अहो, लाडाने! हळूहळू बोलते ना, म्हणून गमतीत उलटं. मी सगळ्यांनाच काही ना काही टोपणनाव देतो.

आई: आणि मी घरी बसून पोरांना शिव्या घालतेय. कोणत्या मेल्याने ठेवलं हे नाव, म्हणून. देवा!

मुख्याध्यापिका: एक मिनिट. सगळ्यांनी जरा थांबू या. मुलगी कुठे आहे?

आई: बाहेर बाकावर बसवलीय.

मुख्याध्यापिका: बोलवा तिला आत. ये बाळ, ये. घाबरू नकोस.

(मुलगी आत येऊन आईच्या खुर्चीमागे उभी राहते.)

मुख्याध्यापिका: हे बघ, तुला काय हवंय ते तू सांग. सोबती बदलून हवेत का?

मुलगी: न-नाही. मला सो...

मुख्याध्यापिका: सोबती फक्त मुलीच हव्यात? तुझ्या आवडीच्या?

मुलगी: नाही. मला सो-सोब...

सर: सोबती नकोच, असं म्हणायचंय तिला.

आई: अहो, थांबा की! दोघंही! वाक्य तिचं आहे ना, मग तिला पुरं करू द्या. एवढी कसली घाई झालीय?

मुख्याध्यापिका: चुकलं माझं. बोल बाळ. आता कोणी मध्ये बोलणार नाही.

मुलगी: मला सोबत्यां-चा राग नाही. ते बिचारे क-कंटाळतात. मी एकटी बसले तरी च-चालतं मला. पण स... सर...

आई: बोल गं. मी आहे.

मुलगी: सर, तो वर्गात माझी न-नक्कल करतो ना, तेव्हा मुलं आधी तुमच्याकडे ब-बघतात. तुम्ही हसलात की मग सगळे हसतात.

सर: मी? अगं... आलं असेल एखाद वेळी हसू. तो करतोच इतकं हुबेहूब की...

मुख्याध्यापिका: सर!

सर: नाही, मला तसं नव्हतं म्हणायचं.

मुलगी: एखाद वेळी नाही, सर. र-रोज.

आई: आणि हे मला एका शब्दाने सांगितलं नाहीस? इतके दिवस?

मुलगी: तूच म्हणायचीस ना, कोणी चिडवलं तर स-सरांना जाऊन सांग.

मुख्याध्यापिका: उद्या येऊ नका म्हणून मी पाहुण्यांना कळवते. सर, सगळे बिल्ले आज माझ्या टेबलावर आणून ठेवा. त्या मुलाशी मी स्वतः बोलेन. आणि ते नाव पुन्हा तुमच्या तोंडून ऐकू येता कामा नये.

सर: हो, मॅडम.

मुख्याध्यापिका: तुमच्याशी मला नंतर बोलायचंय. बसून, सविस्तर.

सर: हो.

मुख्याध्यापिका: बाळ, तू उद्या शाळेत येशील ना?

मुलगी: ते स-सरांना विचारा.