हात पोचतो तिथपर्यंत

दुकानदारीण : अहो काका, हा तिसरा बल्ब. यात आता काय खोट निघाली?

रंगारी : फार पांढरा आहे.

दुकानदारीण : पांढराच लागतो लोकांना. नऊ वॉट, दोन वर्षांची हमी, गेला तर बदलून देते. चार घेतलेत तर सूटही आहे. तुमच्या वयाच्या माणसाला याहून बरा सौदा नाही.

रंगारी : माझं वय राहू दे. मला स्वस्तातला दाखव. मिणमिणता.

दुकानदारीण : मिणमिणता? बारा वर्षं गल्ल्यावर बसते आहे, मिणमिणता बल्ब मागणारं गिऱ्हाईक पहिल्यांदाच आलं. लोकांना डोळे दिपले तरी कमीच वाटतं.

रंगारी : वाटू दे. किती वाजले?

दुकानदारीण : साडेचार. मघापासून तिसऱ्यांदा विचारताय. आधी बसा बघू. फेऱ्या मारून माझी फरशी झिजवू नका.

रंगारी : बसलो तर उठायला वेळ लागतो. कमी वॉटचा काढ की. तीनचा, पाचचा.

दुकानदारीण : नुसता वॉट बघून घेऊ नका. वॉट म्हणजे बल्ब वीज खातो किती. उजेड देतो किती ते या खालच्या आकड्यावर, लुमेन लिहिलंय तिथे. एखादा खातो पाच आणि उजेड पडतो नावापुरता. दुसरा तेवढंच खाऊन खोली भरून टाकतो.

रंगारी : म्हणजे खादाड वेगळा आणि कामसू वेगळा.

दुकानदारीण : अगदी. आमच्या दिरांना बघितलंत ना तुम्ही?

रंगारी : मग मला तुझे दीर दे.

दुकानदारीण : फुकट नेलेत तरी चालेल. पण काका, खरंच सांगा, हवाय कशाला असला? जिन्यात लावायचाय?

रंगारी : खोलीत. आतल्या.

दुकानदारीण : काकू महिनाभर लेकीकडे आहेत ना? दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू काढले म्हणे.

रंगारी : काढले. आज डॉक्टरांनी शेवटचं तपासलं. सहाला घरी येते आहे.

दुकानदारीण : अहो, मग तर घर लख्ख करायला हवं. अडीच वर्षांनी त्या बाईला धड दिसणार, आणि तुम्ही अंधार विकत घ्यायला निघालात?

रंगारी : डोळे नवीन आहेत. त्रास होईल.

दुकानदारीण : डॉक्टर म्हणाले?

रंगारी : मी म्हणतो. तो पिवळा लाव बोर्डावर. वरची ट्यूब बंद कर.

दुकानदारीण : केली. हा पिवळसर, पाच वॉटचा. खिशातून काय काढताय? पुडी कसली?

रंगारी : काही नाही. दोन्ही शेजारी शेजारी धरून बघतो जरा.

दुकानदारीण : हे रंगाच्या छटांचं कार्ड. आणि हा... भिंतीचा पापुद्रा आहे का हा?

रंगारी : हात लावू नकोस, चुरा होईल. आता बघ, या उजेडात दोन्ही सारखे दिसतात का?

दुकानदारीण : कार्डावरचा रंग लोण्यासारखा आहे. पापुद्रा धुरकट आहे, ओल धरलेला. सारखे कसे दिसतील?

रंगारी : लांबून बघ. डोळे बारीक करून.

दुकानदारीण : डोळे मिटले तर सारखेच दिसतील, काका.

रंगारी : चेष्टा करू नकोस. चाळीस वर्षं हेच करत आलो. पिवळ्या उजेडात मळकं पांढरं पिवळं दिसतं, पांढऱ्या उजेडात त्याची लाज निघते. गिऱ्हाइकाला रंग दाखवायचा तर खिडकीपाशी, हे मी पोरांना शिकवायचो. आता मला उलटं हवंय. बल्ब छताला टांगला की वर अंधार पडतो ना याचा?

दुकानदारीण : पडतो थोडा. एलईडीचा उजेड खाली जास्त जातो, मानेकडे कमी. का?

रंगारी : तेच बरं. खाली उजेड, वर अंधार. हाच दे.

दुकानदारीण : थांबा. आता मी बल्ब बांधून देत नाही. कुठल्या भिंतीचा पापुद्रा आहे हा?

रंगारी : उशीर होतोय मला.

दुकानदारीण : होऊ दे. या दुकानाला रंग तुम्ही दिलात, माझे वडील होते तेव्हा. अकरा वर्षं झाली, एक पोपडा सुटलेला नाही. तुमच्या खिशात असला पापुद्रा निघतो म्हणजे काहीतरी भानगड आहे.

रंगारी : आमच्याच खोलीचा आहे.

दुकानदारीण : ती तर तुम्ही रंगवली होती. काकू केवढं कौतुक करायच्या. मला स्वतः म्हणाल्या होत्या, यांनी माझ्यासाठी लोण्याचा रंग काढलाय, मला दिसत नाही पण हाताला कळतो.

रंगारी : हाताला कळतो तेवढाच काढलाय.

दुकानदारीण : म्हणजे?

रंगारी : म्हणजे हात पोचतो तिथपर्यंत. माझा हात. जमिनीवर उभं राहून. त्याच्या वर जुनीच भिंत आहे, ओल आलेली, छतापर्यंत.

दुकानदारीण : अर्धीच?

रंगारी : अर्ध्याच्या थोडी वर. रेघ मात्र सरळ आहे.

दुकानदारीण : आणि त्यांना सांगितलंत पुरी झाली म्हणून.

रंगारी : तिने विचारलं, झाली का हो? मी म्हटलं, झाली. एवढंच बोललो. मग ती भिंतीवर हात फिरवायला लागली. तळवा टेकून, हळूहळू, दारापासून खिडकीपर्यंत. म्हणाली, किती गुळगुळीत. आता तिथे मी काय बोलणार होतो?

दुकानदारीण : वरचं राहिलंय म्हणायचं होतं.

रंगारी : उद्या करू म्हटलं. उद्याचं परवा झालं. परवाची अडीच वर्षं झाली.

दुकानदारीण : लांब दांडीचा रोलर तरी फिरवायचा.

रंगारी : ओल्या पापुद्र्यावर रोलर? मळक्या अंगाला अत्तर लावण्यातला प्रकार तो. आधी खरवडायला लागतं, पुट्टी भरायला लागते, घासायला लागतं. ते दांडीने होत नाही.

दुकानदारीण : मग दुसऱ्या कोणाला बोलवायचं. तुमच्या हाताखाली शिकलेले चार जण आज गावभर कामं घेतात.

रंगारी : रंगाऱ्याच्या घरात दुसरा रंगारी? त्यापेक्षा ओल बरी.

दुकानदारीण : मानपान भिंतीला कळत नाही, काका. काकू नव्हत्या तो महिना होता तुमच्याकडे. तेव्हा काय केलंत?

रंगारी : किती वाजले?

दुकानदारीण : घड्याळ तुमच्या डोक्यावर आहे. काय केलंत महिनाभर?

रंगारी : डबा उघडला, ढवळला, झाकण लावलं. परत उघडला.

दुकानदारीण : आणि आता हा पाच वॉटचा बल्ब तुम्हाला वाचवणार. बरं, आजची रात्र निघाली. सकाळी सूर्य उगवेल तो किती वॉटचा आणायचा? तो माझ्याकडे मिळत नाही.

रंगारी : सकाळचं सकाळी बघू. आज पहिल्या दिवशी तिचा विरस नको. दार उघडून आत येईल, बघेल... पोरी, तिने डोळ्यांची इतकी धास्ती घेतली होती की ऑपरेशनचं नाव काढू द्यायची नाही. शेवटी कशाने तयार झाली माहीत आहे? म्हणाली, मला तुमची भिंत बघायचीय.

दुकानदारीण : बसा, काका. पाणी देऊ?

रंगारी : पाणी नको. बल्ब दे.

(फोन वाजतो. रंगाऱ्याला नीट ऐकू येत नाही, म्हणून दुकानदारीण स्पीकर चालू करून फोन गल्ल्यावर ठेवते.)

बायको : अहो, ऐकताय ना? आम्ही निघालो. सहा कुठले, पाच-सव्वापाचलाच पोचतो. लेक गाडी चालवते आहे, मी बाहेर बघते आहे. प्रत्येक पाटी वाचते आहे. आपल्या लेकीचे केस पिकलेत हो, मला कोणी सांगितलं नाही.

रंगारी : अगं, बोलू नकोस फार. डोळ्यांना ताण पडेल.

बायको : बोलण्याचा ताण डोळ्यांना कसा पडेल? आणि ऐका, विहीणबाई सोबत आहेत. महिनाभर त्यांना भिंतीचं सांगून सांगून पकवलंय, म्हणाल्या, चला, बघूनच येते. घर आवरलंत का?

रंगारी : विहीणबाई कशाला?

बायको : कशाला म्हणजे? तुमचं काम बघायला. मी सांगितलंय त्यांना, अशी भिंत तुमच्या बंगल्यातही नाही.

दुकानदारीण : काका, सांगा.

बायको : कोण आहे तिथे?

रंगारी : बल्बच्या दुकानात आहे मी. ऐक. ती भिंत पुरी नाही.

बायको : काय पुरी नाही?

रंगारी : भिंत. खालचीच रंगवलीय. तुझा हात फिरतो तेवढी. वर काही केलेलं नाही. वर ओल आहे, पोपडे आहेत, कोपऱ्यात काळं पडलंय.

दुकानदारीण : सुटलात, काका.

रंगारी : नाही. आता कुठे सुरू होतंय.

बायको : मी शेजारणीला हाताला धरून भिंतीपाशी न्यायचे. बघा म्हणायचे. ती हो हो, सुंदर झालीय म्हणायची. तुमची बहीण आली होती, तीही म्हणाली.

रंगारी : हो.

बायको : म्हणजे त्यांना सगळ्यांना दिसत होतं.

रंगारी : मी तिथेच उभा राहून हाताने खुणावायचो, बोलू नका म्हणून.

बायको : माझ्या पाठीमागे फसवलं असतंत तर एक वेळ चाललं असतं. तुम्ही माझ्या तोंडासमोर उभं राहून फसवलंत. अडीच वर्षं मी त्या अर्ध्या भिंतीचे पोवाडे गात बसले आणि सगळं घर खुणा करत होतं.

रंगारी : चुकलो.

बायको : का? तेवढं सांगा. कंटाळा आला? मला कुठे दिसणार आहे, असं वाटलं?

रंगारी : नाही गं. तसं मनात आलं असेल तर जीभ झडो माझी.

बायको : मग का?

रंगारी : मला शिडीवर चढता येत नाही.

बायको : काय?

रंगारी : दुसऱ्या पायरीवर घर फिरायला लागतं. शिडी घट्ट धरून खाली उतरतो. आपली खोली रंगवायला काढली तेव्हा पहिल्यांदा झालं. म्हटलं थकवा असेल. मग ते परत परत व्हायला लागलं. काम सोडलं ते यामुळे, गुडघे दुखतात ही सबब होती. या महिन्यात तू नव्हतीस तेव्हा आठ वेळा शिडी लावली आणि आठ वेळा उचलून ठेवली. कालसुद्धा.

बायको : डॉक्टरांना दाखवलंत?

रंगारी : नाही.

बायको : लेकीला?

रंगारी : कोणालाच नाही. तेव्हाच तुझे डोळे जायला लागले होते. तुला दिसेना, मला चढता येईना. म्हटलं, घरात एक तरी धड आहे असं तुला वाटू दे. भीती वाटत होती गं मला. अजून वाटते.

बायको : माझा हात धरून मला न्हाणीघरापर्यंत तुम्ही नेत होतात. मी रोज म्हणायचे, यांना काही झालं तर माझं कसं व्हायचं. तुम्ही म्हणायचात, मला काय धाड भरलीय.

रंगारी : आणखी काय म्हणणार होतो?

बायको : जे खरं ते. मी आंधळी झाले होते, बहिरी नव्हते.

रंगारी : विहीणबाई ऐकताहेत का सगळं?

बायको : ऐकताहेत. लेकही ऐकते आहे. गाडी कडेला थांबवलीय तिने. ती रडते आहे आणि विहीणबाई मला रुमाल देताहेत. डोळ्यांना पाणी लागू द्यायचं नाहीय माझ्या.

रंगारी : नको रडूस मग.

बायको : मी नाही रडत. तुम्ही बल्ब कुठला घेतलात?

रंगारी : पिवळा. पाच वॉटचा.

बायको : तो परत करा. त्या दुकानवालीला म्हणावं, सगळ्यात पांढरा दे. मी तुमचं सगळं बोलणं अडीच वर्षं नुसतं कानांनी ऐकलंय. खोटं बोलताना तुमचं तोंड कसं होतं, ते मला बघायचंय.

दुकानदारीण : काकू, बारा वॉटचा देते. दोन वर्षांची हमी आहे.

बायको : बल्बची ना? माणसाची असती तर बरं झालं असतं. अहो, आणि तो लावणार कोण? खोलीतला होल्डर किती उंच आहे.

रंगारी : ते... ते माझ्या ध्यानातच आलं नाही.

बायको : चाळीस वर्षं शिडीवर काढलीत ना, म्हणून. काही चढाबिढायचं नाही एकट्याने. मी येईपर्यंत थांबा. पहिल्या पायरीवर तरी उभं राहता येतं?

रंगारी : पहिल्यावर येतं. कोणी धरलं तर.

बायको : मी धरते. आता दिसतंय मला.